डिझेल व्हॅनची निगा आणि घाटाचा उतार

पाचगणीचे टेबललँड मागे टाकून रस्ता पसरणी घाटात शिरतो, तेव्हा प्रवाशाची नजर साहजिकच खाली पसरलेल्या कृष्णेच्या खोऱ्याकडे आणि धोम धरणाच्या जलाशयाकडे जाते. चालकाला मात्र ही चैन परवडणारी नसते. वाईपर्यंतच्या जेमतेम बारा किलोमीटरच्या वाटेत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या खोक्यांनी भरलेल्या व्हॅन, सुटीच्या दिवसांत पर्यटकांच्या तेरा-सतरा आसनी गाड्या आणि सातारा-कोल्हापूरकडे ज्यांना ‘वडाप’ म्हणतात त्या प्रवासी गाड्या या घाटाने सतत ये-जा करीत असतात. त्यांतील पुष्कळशा डिझेलवर चालतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाट संपून रस्ता वाईत शिरतो तेथे एक व्हॅन उभी होती. पुढच्या चाकांतून निळसर धूर निघत होता आणि जळलेल्या लायनरचा उग्र दर्प लांबूनही जाणवत होता. आत दोन कुटुंबे, त्यांत चार लहान मुले. चालक अनुभवी होता, गाडीही फार जुनी नव्हती. शेवटच्या वळणावर ब्रेकचा पायदान थेट तळाला गेला आणि हातब्रेक ओढून त्याने कशीबशी गाडी सावरली होती. गाडी कोणत्या गिअरमध्ये आणली, असे प्रस्तुत लेखकाने विचारले. उत्तर आले, “गिअर कशाला? न्यूट्रलला टाकली होती. तेवढंच डिझेल वाचतं.”

हा समज एकट्या त्या चालकाचा नव्हे. राज्यातल्या कोणत्याही घाटात तो ऐकू येतो, आणि म्हणूनच त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

उताराचे गणित

माणसांसह आणि सामानासह तीन टन वजनाची व्हॅन साडेपाचशे मीटर खाली आणली, म्हणजे तिच्या उंचीत साठलेली शक्ती कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. तिचे उष्णतेत रूपांतर केले तर ती सुमारे ५० लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी भरते. चाकांचे घर्षण आणि हवेचा अडथळा यांत तिचा तिसरा हिस्सा गेला असे धरले, तरी तीस लिटरहून अधिक पाणी उकळेल एवढी उष्णता उरते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर ही सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जिरते. मोठा हंडा चुलीवर उकळायला किती वेळ लागतो हे घरातील गृहिणी जाणते. येथे तसे दोन हंडे उकळण्याइतकी आच अर्ध्या तासाच्या आत लोखंडाच्या चार लहान तुकड्यांत कोंबली जाते.

ब्रेकचे लायनर आणि पॅड मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड ढिली होते. पायाला पायदान घट्ट लागतो, परंतु गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार याहून फसवा आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. ‘डॉट ३’ जातीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असा दंडक आहे. त्यात पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तापलेल्या ब्रेकशेजारी असे तेल उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे पायदान एकाएकी मऊ होऊन तळाला जातो. वाईच्या त्या गाडीला बहुधा हेच झाले असावे, कारण अर्ध्या तासाने ब्रेक जणू काही घडलेच नाही असा पुन्हा लागू लागला. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याचा खर्च गाडीच्या एका टायरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आणि तरीही सर्वांत जास्त टाळला जाणारा खर्च हाच.

इंजिन हाच पहिला ब्रेक

गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाके इंजिनाला फिरवू लागतात. आतील हवा दाबणे, दट्ट्यांचे घर्षण, पाण्याचा आणि तेलाचा पंप फिरविणे यांत उताराची शक्ती खर्ची पडते आणि गाडी आपोआप आवरली जाते. ही उष्णता रेडिएटरवाटे आणि सायलेन्सरवाटे बाहेर पडते; ब्रेक थंड राहतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. गिअर मात्र उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि त्या प्रयत्नात गाडी न्यूट्रलमध्येच राहून जाते.

डिझेल वाचविण्याचा मुद्दाही तपासून पाहू. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये असून एक्सिलरेटरवर पाय नसेल तर इंधनाचा पुरवठा जवळपास पूर्ण थांबतो, कारण इंजिन फिरते ठेवण्याचे काम चाकेच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल फवारावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक डिझेल वाचवीत नाही, उलट जाळतो, आणि वर ब्रेकही जाळतो.

काहीजण याहूनही पुढे जातात आणि उतारावर इंजिनच बंद करतात. डिझेल गाडीत हे अधिकच घातक ठरते. ब्रेकवर पायाचा जोर कमी लागावा म्हणून निर्वाताच्या साहाय्याने चालणारा एक डबा बसविलेला असतो. जुन्या धर्तीच्या पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असल्याने हा निर्वात आयता मिळतो. डिझेल इंजिनात तशी सोय नसल्याने त्यासाठी स्वतंत्र पंप लावलेला असतो, आणि तो इंजिनाबरोबरच फिरतो. इंजिन बंद झाले की डब्यातील साठा दोन-तीन वेळा पायदान दाबताच संपतो. मग तोच ब्रेक दगडासारखा कठीण होतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते, आणि चावी पूर्ण फिरवून काढली तर चाकच जखडले जाण्याची भीती असते.

ब्रेक लावण्याचीही एक रीत आहे. संपूर्ण उतारभर पायदानावर हलका पाय ठेवणे सर्वांत वाईट. वेग वाढला की ठामपणे ब्रेक लावून तो कमी करावा, मग पाय पूर्ण काढून घ्यावा आणि ब्रेकला वारा लागू द्यावा. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी लागणारी शक्ती चौपट होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जळका वास आला तर पुढचे गाव येईपर्यंत वाट पाहू नये. रुंद जागा पाहून डोंगराच्या बाजूला थांबावे आणि अर्धा तास गाडी निवू द्यावी. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये, ते तडकतात. ब्रेक अगदीच गेला, तर घाबरून गिअर मोडता कामा नये. पायदान भराभर दाबून पाहावा, एकेक गिअर खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा, आणि काहीच लागू पडले नाही तर गाडी दरीकडे न नेता डोंगराकडच्या चराला घासावी. पत्रा चेपेल, तो पुन्हा ठोकता येतो.

निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

घाटात उघडकीस येणारे बहुतेक दोष आदल्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या गाडीतच असतात. म्हणून पहाटेची तपासणी ही औपचारिकता समजू नये. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ती वर चढलेली दिसली तर आनंद मानू नये: तेलात डिझेल किंवा पाणी उतरत असल्याची ती खूण असते. कूलंटची टाकी पाहावी. केवळ विहिरीचे वा बोअरचे पाणी घालीत गेल्यास रेडिएटरमध्ये क्षार धरतात आणि चढावर इंजिन तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बंद झाकणाखाली दाब असल्याने आतील पाणी शंभर अंशांच्या वर गेलेले असते, आणि झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर उसळते.

टायरमधील हवा थंड असतानाच मोजावी, स्टेपनीचीही मोजावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदललाच पाहिजे. पंख्याचा पट्टा, दिवे, वायपर, हॉर्न यांवर एक नजर पुरे. ज्या जागी गाडी रात्रभर उभी होती ती जमीन मात्र आवर्जून पाहावी. डिझेल, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांपैकी काहीही गळत असेल तर मातीवरचा डाग ते निमूटपणे सांगतो. चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली तर गाडी त्या दिवशी घाटात नेऊ नये.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढते. टाकीत आणि पिंपात ओलावा साचून डिझेलमध्ये पाणी उतरते. बहुतेक गाड्यांच्या डिझेल गाळणीच्या तळाशी पाणी सोडण्याची चकती असते. ती महिन्यातून एकदा, आणि सूचक दिवा लागल्यास लगेच, सैल करून पाणी काढावे. पाण्याचे चार थेंब पंपात गेले तर दुरुस्तीचा खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकतो. स्वस्त म्हणून रॉकेल मिसळलेले डिझेल घेणाऱ्याचीही हीच गत होते, कारण पंपाचे वंगण डिझेलच करते आणि रॉकेलमध्ये तो गुण पुरेसा नाही.

धूर काय सांगतो

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यातील मूळ कल्पना आजही तीच आहे. ठिणगी नाही; हवा पंधरा ते वीस पटींनी दाबली की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा, फवारा आणि दाब या तिघांपैकी एकाने दगा दिला तर धूर लगेच चुगली करतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर क्लीनर धुळीने भरला असेल, नोझल बिघडले असेल किंवा गाडीत बोजा जास्त असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंडीच्या पहाटे क्षणभर आला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासावे.

निळ्या धुराकडे दुर्लक्ष केल्याने घडणारा एक प्रकार विरळा असला तरी भयावह आहे. टर्बोची सील फाटून इंजिन ऑइल हवेच्या वाटेने आत शिरले, तर इंजिन तेच तेल इंधन म्हणून जाळू लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. आवाज वाढतच जातो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा, म्हणजे इंजिन अडून बंद पडते. तेवढा अवसर नसेल तर माणसांना उतरवून दूर न्यावे. अशा वेळी बोनेट उघडून वाकून पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

नवे इंजिन, जुनी सवय

१९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर पोहोचली, आणि डिझेल इंजिनाची ‘एअर काढणे’ ही विद्या गावोगावच्या शेतकऱ्यांच्या हाती आली. पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातून आलेल्या मॅटाडोरने तीच विद्या रस्त्यावर आणली. ‘टेम्पो’ हे त्या कारखान्याचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसले, एवढा या गाड्यांचा संचार होता. त्या काळच्या इंजिनावर नळीचा नट चालू स्थितीत सैल करून कोणते नोझल काम करीत नाही हे मिस्त्री बोटाने ओळखीत असे.

आज तसे करणे प्राणावर बेतू शकते. ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या इंजिनात डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींपर्यंत जातो. एवढ्या दाबाने निघालेली बारीक चिळकांडी कातडी भेदून बोटात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतेही कमी. परंतु आतील मांस नासते आणि बोट किंवा हात कापावा लागतो. अशी इजा झाल्यास ती क्षुल्लक न मानता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. चालू इंजिनावर नळ्यांना हात लावूच नये. गळती शोधायचीच तर ती इंजिन बंद करून, थोडा वेळ जाऊ देऊन शोधावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची मानके लागू झाली. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी एक गाळणी असते; ‘डीपीएफ’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. साठलेली काजळी गाळणीतच जाळून टाकण्याची योजना असते, आणि त्यासाठी ती सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापते. बाजारापुरत्याच छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला हे तापमान गाठता येत नाही, गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. असा दिवा लागल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग वेगाने चालवावी. गाळणी काढून नळी जोडणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. आणि गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी उभी करू नये. खाली तापलेली गाळणी असते हे स्ट्रॉबेरीच्या शेतात शिरताना सहज विसरले जाते.

काही गाड्यांत निळ्या झाकणाची दुसरी टाकीही असते. चालक तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो. त्या द्रावणात शुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि बाकी शुद्ध पाणी असते. पिकाला घालण्याचा युरिया पाण्यात कालवून त्यात ओतला, तर त्यातील निमतेल आणि इतर अशुद्धी ती सारी यंत्रणा बिघडवतात. तसेच हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर चावीसुद्धा लावू नये. टाकी रिकामी करून घ्यावी.

बंद काचांआड

थंडीत किंवा उकाड्यात गाडीचे इंजिन चालू ठेवून काचा लावून आत झोपण्याची सवय वडापचे चालक, यात्रेकरू आणि लग्नाच्या वऱ्हाडातील माणसे यांच्यात सर्रास दिसते. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असते, पण असतेच. सायलेन्सरला भोक असेल किंवा मागच्या दाराचे रबर फाटलेले असेल, तर तो वायू आत येतो. त्याला वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठवीत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केले. शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून मुलांची वाट पाहणाऱ्या गाड्यांनी तरी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

आगीच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा सौम्य, हे खरे. परंतु गाडीला आग डिझेलपेक्षा विजेच्या तारांनी अधिक वेळा लागते. जादा दिवे, ध्वनिक्षेपक, छतावरची रोषणाई यांसाठी ओढलेल्या तारा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी बांधलेली तार ही त्याची मुख्य कारणे होत. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे आणि मागचे दार आतून उघडते का, हे दर आठवड्याला पाहावे. सामानाने अडलेले दार असून नसल्यासारखे.

स्टिअरिंगमागचा माणूस

आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. चालकाच्या योग्यतेची तपासणी मात्र रोज मालकानेच करावयाची असते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. मुंबईहून रात्रभर गाडी चालवीत आणलेल्या चालकाला पहाटे महाबळेश्वर दाखवून दुपारी पसरणी उतरायला लावणारे पर्यटकही या नियमभंगात भागीदार असतात, मग त्यांना तो नियम ठाऊक असो वा नसो.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा कायदा आहे आणि शहाणपणही. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते. थांबावेच लागले तर हातब्रेक ओढून उतारावर रिव्हर्स आणि चढावर पहिला गिअर टाकून ठेवावा, पुढची चाके डोंगराकडे वळवावीत आणि चाकाला दगड लावावा. घाट उतरल्यावर वाईत चहाला थांबाल तेव्हा प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हाताचा तळवा न्यावा. चारही चाकांपैकी एकच अधिक तापलेले असेल तर तेथला ब्रेक अडकला आहे. एकच गार असेल तर तेथला लागतच नाही. दोन्ही दोष मिस्त्रीला दाखविल्याखेरीज परतीचा घाट धरू नये. आणि निघताना चाकाखाली लावलेला दगड आठवणीने उचलून रस्त्याच्या कडेला टाकावा. मागून अंधारात येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही.